ससा गप्प असतो तेव्हा

'तुमच्याकडे ससा आहे ना गं? आम्हालाही घ्यायचाय. कुत्र्यासारखी कटकट नसते ना त्याची?' असा फोन मला वर्षातून सात-आठ वेळा तरी येतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की जरा जास्तच. विचारणाऱ्या बाईची अडचण मला कळते. फ्लॅट लहान, सोसायटीत कुत्र्यांवरून भांडणं, मांजर सासऱ्यांना चालत नाही आणि पोरगं तर 'मला कुणीतरी हवंच' म्हणून हटून बसलेलं. मग डोळ्यांसमोर येतो तो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा कापसाचा गोळा. भुंकत नाही, ओरबाडत नाही, फिरायला न्यावा लागत नाही. बाल्कनीत पिंजरा ठेवला, दोन गाजरं टाकली की झालं!

मी त्यांना सांगते, ससा कटकट करत नाही हीच त्याच्या बाबतीतली सगळ्यात मोठी कटकट आहे.

कुत्र्याला ठेच लागली तर तो गल्ली डोक्यावर घेतो. मांजर निदान गुरगुरून 'हात लावू नकोस' असं सांगते. ससा काहीच सांगत नाही. कोल्हा, घार, साप, रानमांजर, सगळ्यांच्या जेवणात ज्याचा नंबर, त्याला दुखणं दाखवणं परवडत नाही. जो लंगडतो, जो मागे रेंगाळतो, तो आधी उचलला जातो. म्हणून पोटात असह्य कळ येत असली तरी ससा पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात शहाण्यासारखा बसून राहतो. घरातल्यांना वाटतं, आज किती गुणी झालाय! आणि दुसऱ्या दिवशी 'काल तर चांगला होता हो,' असं म्हणत डॉक्टरकडे धावायची वेळ येते.

आमची ठमी विकत घेतलेली नाही. समोरच्या ब्लॉकमधलं कुटुंब २०१६ च्या डिसेंबरात बदली होऊन बंगळूरला गेलं, तेव्हा तिथल्या ताईंनी ती माझ्या ओटीत घातली. सोबत गवताची गोणी आणि वहीची दोन पानं भरून सूचना. त्या दोन पानांनी पुढे ठमीचा जीव वाचवला, ते सांगतेच. पण त्याआधी एक खुलासा.

मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव दिलंय. माळावर, उसाच्या फडात दिसणारा, तपकिरी अंगाचा, लांब तंगड्यांचा तो आपला रानससा. चंद्रावरच्या डागात आपल्या पूर्वजांना जो दिसला आणि ज्याच्यामुळे चंद्राला शशांक म्हणायला लागले, तो हा. तो बीळ करत नाही, गवतातल्या खोलगट जागेत बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. दुकानात मिळतो तो मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळात राहणाऱ्या सशाचा माणसाळलेला वंशज. त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली. या दोघांचा एकमेकांशी संकरही होत नाही. रानससा पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा ऊसतोडणीत सापडलेलं गोंडस पिल्लू कुणी गावाकडून आणून दिलं, तर घेऊ नका. त्याची आई मुद्दाम दूर असते, दिवसातून थोडाच वेळ येऊन पाजून जाते. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं असतं असं नाही. ते होतं तिथेच राहू द्यावं, जखमी असेल तर वनखात्याला कळवावं.

आता गाजराचं बघू. चित्रांच्या पुस्तकांनी सशाचं सर्वात मोठं नुकसान कशात केलं असेल तर ते या गाजरात. गाजरात साखर. ते सशाचं जेवण नव्हे, आपल्याकडे जसा पेढा असतो तसं. आठवड्यातून दोन-तीनदा अंगठ्याएवढा तुकडा पुष्कळ झाला. सशाचं खरं अन्न म्हणजे गवत, ताजं आणि वाळलेलं. ताटात पंधरा आणे गवतच हवं. का, ते त्याच्या तोंडात पाहिलं की कळतं. सशाचे सगळे दात, पुढचे आणि दाढासुद्धा, जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवत जात्यासारखं आडवं घोळवून दळताना ते आपोआप झिजतात. गाजर, पोळी, बिस्किटं, दुकानातलं रंगीबेरंगी दाण्यांचं खाणं यांनी ते झिजत नाहीत. मग दाढांना टोकं येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात. ससा खायला येतो, तोंड लावतो आणि घास टाकून निघून जातो. हनुवटी लाळेनं ओली दिसते. घरात म्हणतात, 'लाडोबा झालाय, नखरे करतोय.'

पुण्यात वाळलेलं गवत मिळतं का, हा पुढचा प्रश्न. मिळतं, पण शोधावं लागतं. मी सुरुवातीला गोठ्यावर जायची. तिथले काका हसायचे. 'ताई, एका सशापायी पेंढी नेताय? म्हैस तरी पाळा!' पण त्यांनीच मला गवत ओळखायला शिकवलं. मारवेल चांगलं, पवना चांगलं. कुसळी गवत घेतलं तर कुसळं काढून टाकायची, ती तोंडात नि डोळ्यांत रुततात. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण खाण्यात कस नाही. ज्वारीची कोवळी धाटं गुरांनाही विषारी ठरतात, ती मुळीच नकोत. लसूणघास पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमचा त्रास होतो, लघवीत खडूसारखा गाळ येतो आणि मूतखडेही होऊ शकतात. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, म्हणून थोडंथोडं आणायचं, वास घेऊन बघायचं. कुबट वाटलं तर सरळ टाकून द्यायचं.

हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, ससे आवडीनं खातात. माझ्या सासूबाई आधी या प्रकरणापासून चार हात लांब होत्या. पण संकष्टीच्या दूर्वा निवडताना ठमी त्यांच्या पदराशी येऊन बसायला लागली आणि त्या विरघळल्या. 'आधी देवाचं होऊ दे हो, मग तुझं,' असं त्या तिला दटावतात आणि एकवीस जुड्या झाल्या की उरलेल्या तिच्यापुढे ठेवतात. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला रोज मूठभर, स्वच्छ धुऊन. पालक क्वचित. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट यांच्या वाटेला जायचं नाही. बागेतली कण्हेर आणि घाणेरीही सशासाठी विषारी आहेत. रस्त्याकडेचं, धूर आणि फवारे झेललेलं गवत नकोच.

आणि हो, ससा स्वतःची लेंडी खातो हे पाहून अनेक जणी मला घाबरून फोन करतात. खाऊ द्या! त्याच्या लेंड्या दोन प्रकारच्या. एक कोरडी, गोल, वाटाण्यासारखी, ती टाकाऊ. दुसरी मऊ, चकचकीत, बारीक द्राक्षांच्या घोसासारखी. ती बहुधा रात्री किंवा पहाटे येते आणि ससा ती खाली पडू न देता थेट खातो. गवतातलं जे सत्त्व पहिल्या फेरीत हाती लागलं नाही, ते दुसऱ्या फेरीत मिळतं. गाय रवंथ करते तसाच हा प्रकार, फक्त रस्ता वेगळा. लघवी कधी केशरी किंवा लालसर दिसते, तीही बहुतेक वेळा पाल्यातल्या रंगामुळे. मात्र तो रंग दोन दिवसांत गेला नाही किंवा ससा कुंथत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

कोरड्या लेंड्या मी रोज सकाळी झाडताना बघते. ऐकायला कसंसंच वाटेल, पण ससा बोलतो तो असा. निरोगी सशाच्या दिवसाला दोन-तीनशे तरी होतात, एकसारख्या, गवताच्या रंगाच्या. त्या बारीक झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, केसांनी माळेसारख्या गुंफल्या गेल्या किंवा थांबल्या, तर पोटात बिघाड आहे. सशाला उलटी करता येत नाही. पोट चालतं राहणं हीच त्याची सुटका. बारा तास ससा काही खात नसेल तर ती 'उद्या बघू' म्हणायची वेळ नसते. बंगळूरच्या ताईंच्या वहीत हे वाक्य दोनदा अधोरेखित केलेलं होतं.

ते वाक्य कामाला आलं २०१८ सालच्या अनंत चतुर्दशीला. आम्ही टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीत राहतो. विसर्जनाची मिरवणूक आम्हाला नवी नाही. ठमीला आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, पलंगाखाली गोधडीचा आडोसा करून ठेवलं होतं. पण त्या वर्षी ढोलांचे आणि स्पीकरचे दणके भिंतीतून येत होते. भीतीनंही सशाचं पोट थांबतं. सकाळी सहाला पाहिलं तर रात्रीचं गवत तसंच, आणि फरशीवर एकही लेंडी नाही. कोथिंबीर नाकाशी धरली तर तिनं मान फिरवली. दात करकर वाजवत होती. लाडानं कुरवाळल्यावर ससा हलके दात वाजवतो तो आवाज वेगळा, हा वेगळा. हा वेदनेचा.

मिरवणूक अजून चालूच होती. रिक्षा मिळायचा प्रश्नच नव्हता. भाजीच्या टोपलीत टॉवेल घालून तिला ठेवलं, वर ओढणी बांधली आणि गर्दीच्या कडेकडेनं मी आणि माझी लेक निघालो. जवळचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं नि म्हणाले, 'अहो, ससाच आहे ना? खाईल उद्यापर्यंत.' आणि अमॉक्सिसिलीनचं सिरप लिहून दिलं. मी विचारलं, 'डॉक्टर, सशाला हे तोंडावाटे चालतं का?' त्यांना राग आला. 'डॉक्टर तुम्ही की मी?' पण माझ्याकडच्या दोन पानांत हे नाव 'कधीही नाही' या शब्दांसकट होतं. पेनिसिलीनच्या जातीची ही औषधं पोटात गेली की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा त्यात दगावू शकतो. मी कागद घेतला, पैसे दिले आणि बाहेर पडले.

नदीपलीकडे पायी गेल्यावर रिक्षा मिळाली. कोथरूडला एक डॉक्टरबाई ससे आणि पक्षी बघतात. त्यांनी आधी पोटाला स्टेथोस्कोप लावला. आत पूर्ण शांतता होती. एक्स-रे काढून आतडं कुठे अडलेलं नाही याची खात्री केली. मग कोमट सलाइन कातडीखाली दिलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, आणि पेलेटची पूड पाण्यात कालवून सुईशिवायच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं कसं भरवायचं ते मला शिकवलं. 'एका वेळी थोडंच. गिळल्याशिवाय पुढचं नाही. दर तीन तासांनी.' अडथळा आहे की नाही हे न बघता घरी असं भरवू नका, हेही त्यांनी बजावलं.

त्या रात्री आम्ही पाळ्या लावल्या. सासूबाई म्हणाल्या, 'मला तशीही झोप नाही, पहाटेची पाळी माझी.' साडेतीन वाजता त्यांनीच मला हलवून उठवलं. हातात टॉर्च. फरशीवर सहा लेंड्या, मिरीच्या दाण्याएवढ्या. दोन बायका मध्यरात्री सशाच्या लेंड्या मोजून डोळे पुसताहेत, हे बघून माझा नवरा उठला, पाहिलं, आणि काही न बोलता चहा ठेवायला गेला. ठमीनं पहिली दूर्वा ओढली ती सकाळी आठनंतर.

डॉक्टर कसा निवडावा, असं मला विचारतात. मी एक साधा प्रश्न सुचवते. 'ऑपरेशनच्या आधी सशाला किती तास उपाशी ठेवायचं?' कुत्र्या-मांजराला ठेवतात, कारण गुंगीत उलटी होण्याची भीती असते. सशाला उलटीच होत नाही आणि उपाशी राहणं त्याला घातक. जे डॉक्टर 'रात्रीपासून काही देऊ नका' म्हणतील, त्यांच्याकडे कुत्रा न्यावा. हे नाव-पत्ता शोधणं ससा आणण्याच्या आधी करायचं काम आहे. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशावर मारू नये, तोही त्याला विषारी. कानात खपल्या धरल्या, नाक-पंजे खरजेनं भरले, तर इलाज आहे, पण डॉक्टरांच्या हातून.

ठमीनं मला आणखी बरंच वाचायला शिकवलं. मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटला, म्हणजे 'सावध!' कुकरची शिट्टी, नवा माणूस, गच्चीवरचं माकड, कशालाही. खुर्चीच्या पायाला, माझ्या चपलेला हनुवटी घासली, म्हणजे 'हे माझं.' हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. धावता धावता हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला, तर ती खुशीत आहे. एकदम कुशीवर धपकन आडवी पडली, तर पहिल्यांदा काळजाचा ठोका चुकतो. पण ती झोपते आहे, आणि तुमच्यावर विश्वास टाकून झोपते आहे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं त्याला मागचंही दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून तोंडासमोर अचानक हात नेला की तो दचकतो. कपाळावरून, वरच्या बाजूनं हात फिरवावा.

उचलून घेणं बहुतेक सशांना आवडत नाही. जमिनीवरून वर उचलणारा त्याच्या लेखी एकच, शिकारी. कान धरून तर कधीच उचलू नये. त्याची हाडं हलकी आणि मागचे पाय जबर ताकदीचे. धडपडीत त्यानं लाथ झाडली तर स्वतःचाच मणका मोडून घेतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगाशी घट्ट. त्याहून बरं म्हणजे आपणच खाली फरशीवर बसावं, तो येतो. पाठीवर उताणं झोपवलेला ससा स्तब्ध पडून राहतो. लोक त्याचे 'समाधी लागली' म्हणून व्हिडिओ काढतात. ती समाधी नव्हे, भीतीनं गोठणं आहे. आंघोळ घालण्याचे व्हिडिओही तसेच. सशाला पाण्यात बुडवू नये, तो धक्क्यानं मरू शकतो.

उन्हाचं काय ते एकदाच सांगते. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये चाळिशी गाठतो. पत्र्याच्या शेडची, पश्चिमेची बाल्कनी ही त्याच्यासाठी भट्टी. घरातली सावलीची खोली, शहाबादी फरशीचा तुकडा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, ओलसर बोटांनी पुसलेले कान, एवढं पुरतं. तोंड उघडून धापा टाकत असेल तर मात्र लगेच डॉक्टर. पावसाळ्यात बूड ओलं राहिलं तर माशा बसतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. तेव्हा रोज उलटसुलट करून नव्हे, तर वाकून बघावं. जाळीच्या तळाचा पिंजरा नको, पावलांना जखमा होतात.

ससा एकटा कंटाळतो, जोडी बरी, हे खरं. पण विकणारा 'दोन्ही माद्याच आहेत ताई' म्हणाला, यावर विसंबू नये. माझ्या जाऊबाईंच्या शेजारी अशा दोन 'बहिणी' आल्या आणि चार महिन्यांत घरात अकरा ससे झाले. महिन्याभरात वेत होतं आणि मादी व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. त्या शेजारणीनं आई पिल्लांजवळ बसतच नाही म्हणून गाईचं दूध पाजायला घेतलं होतं. आई दिवसातून एकदा, चार-पाच मिनिटंच पाजते, तेवढं पुरतं. जोडी ठेवायची तर दोघांचं ऑपरेशन करून. एकटी मादी असली तरी करावं, कारण वय वाढलं की माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणात होतो. ठमीचं आम्ही २०१७ मध्येच करून घेतलं. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. घ्यायचाच असेल तर ते प्रमाणपत्र मागावं. नाहीतर, कुणाला ससा झेपेनासा झालाय का, याची आधी चौकशी करावी. खूप सापडतात.

कारण ससा आठ-दहा वर्षं, नीट ठेवला तर बारा वर्षंही जगतो. चौथीतल्या मुलासाठी आणलेला ससा त्याच्या कॉलेजच्या अॅडमिशनपर्यंत घरात असतो. तेव्हा मुलगा क्लासला, आणि गवत आणायला आई. माझी लेक आता नोकरीनिमित्त हैदराबादला असते. व्हिडिओ कॉलवर आधी 'ठमी कुठंय?' मग 'आई, कशी आहेस?'

ठमीही आता म्हातारी झाली आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचे सांधे आखडलेले. तिच्या शू-शीच्या ट्रेची एक बाजू कापून मी खाली केली आहे, म्हणजे पाय उचलावा लागत नाही. तिचं गवताचं टोपलं, पाण्याचं वाडगं आणि सासूबाईंची खुर्ची, यांच्या जागा आम्ही बदलत नाही. दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा नाही.